पुण्याच्या वेशीवरची शेतजमीन : वाद कुठवर आला?

३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती. त्याहीआधी, १९९७ मध्ये, ३८ गावे घेतली गेली आणि त्यांतली काही पुढे पूर्णतः वा अंशतः वगळली गेली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे तर महापालिकेत येऊन पुन्हा बाहेर पडली. त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. हद्दीचा हा खेळ चालू असताना शिवारातले काम थांबले नव्हते. गाव महापालिकेत येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या शेतात मुरमाचा रस्ता पडलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि गुंठ्याचा भाव ठरलेला असे.

शेतजमिनीच्या बिगरशेती वापरावरची चर्चा साधारणपणे ‘शेती वाचवा’ आणि ‘विकास होऊ द्या’ अशी दोन टोकांत वाटली जाते. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. जमिनीचा वापर कोणी ठरवायचा? वापर बदलल्याने वाढलेली किंमत कोणाची? आणि त्या बदलात जे जाते, म्हणजे माती, पाणी, मजुरी, ते कोणाच्या खाती मांडायचे? या तिन्ही प्रश्नांवर पुण्याच्या परिसरात आज काय स्थिती आहे, त्याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : कालवा, कारखाना, वसाहत

पुण्याच्या पूर्वेची शेती सुपीक झाली ती सरकारी पाण्यावर. खडकवासल्याचे धरण १८७०च्या दशकात बांधले गेले आणि मुठा उजवा कालवा हडपसर, लोणीच्या दिशेने पुढे गेला. कोरडवाहू हवेलीत आणि दौंडमध्ये ऊस, भाजीपाला, फुले आली. थेऊरला यशवंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सपाट रान, बारमाही पाणी, शेजारून सोलापूर रस्ता आणि लोहमार्ग, हे सगळे बागायतीला जसे मानवले तसेच पुढे गृहप्रकल्पांनाही मानवले. बांधकामाचा पहिला लोंढा चांगल्या जमिनीकडे वळला, तो या कारणाने.

हा अनुभव पुण्यापुरता नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने २०३० पर्यंत शहरांच्या वाढीमुळे जगातली १.८ ते २.४ टक्के पिकाऊ जमीन जाईल असा अंदाज मांडला. त्यातली सुमारे ८० टक्के घट आशिया आणि आफ्रिकेत होईल आणि जाणारी जमीन सरासरीपेक्षा जवळपास दुप्पट उत्पादक असेल, असेही त्यात म्हटले होते. एकूण क्षेत्राच्या मानाने टक्का लहान आहे, पण जमिनीचा कस पाहिला तर तोटा मोठा आहे.

पश्चिमेची आणि उत्तरेची गोष्ट वेगळी. तिथे जमीन प्रामुख्याने संपादनाने गेली. पिंपरीला १९५०च्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ नंतर एमआयडीसीने औद्योगिक क्षेत्रे वसवली, १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंडाचा परतावा मिळावा, ही मूळ मालकांची मागणी कित्येक दशके चालू राहिली. नव्वदच्या दशकाअखेरीस हिंजवडीत आयटी पार्क आला आणि भाताच्या खाचरांना भाव फुटला. यानंतरची वाढ संपादनापेक्षा खासगी खरेदीतून अधिक झाली. वादाचे स्वरूपही तिथेच पालटले. पूर्वी मोर्चा सरकारविरुद्ध निघे. आता भांडण भावकीत, हिश्शात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होऊ लागले.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात शेतजमिनीवर एकाच वेळी निदान चार कायद्यांची नजर असते. कुळवहिवाट कायद्यानुसार (१९४८) बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. तुकडेबंदी कायदा (१९४७) प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचे हस्तांतर रोखतो. जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम ४२ व ४४ नुसार बिगरशेती (एनए) वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. ती मिळाली की अकृषिक आकारणी बसे आणि सनद निघे. चौथा कायदा प्रादेशिक व नगररचना अधिनियम (१९६६). विकास आराखड्यात कोणता गट ‘यलो झोन’मध्ये (निवासी) आणि कोणता ‘ग्रीन झोन’मध्ये (शेती), हे तो ठरवतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत या चौकटीचा तोल बदलला आहे. महसूल संहितेत टप्प्याटप्प्याने कलम ४२-अ ते ४२-ड आली. विकास आराखड्यात वा प्रादेशिक योजनेत जमीन निवासी वा तत्सम वापरासाठी दाखवली असेल, किंवा ती गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर वेगळी एनए परवानगी लागत नाही. आकारणी आणि इतर रक्कम भरली की वापर बदलता येतो. २००५ पासूनच्या विशेष नगर वसाहत धोरणाने आणखी एक दार उघडले. सलग १०० एकर जमीन जमवणाऱ्याला शेती विभागातही वसाहत उभारता येऊ लागली.

परिणामी एनएचा शिक्का हा मुख्य अडथळा राहिला नाही. खरा निर्णय नकाशावरच्या रंगात होतो आणि नकाशा कायम उशिरा येतो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) स्थापना २०१५ ची, प्रारूप विकास आराखडा २०२१ चा, आणि हरकती-सुनावण्या, न्यायालयीन याचिका यांतून जाऊन २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्दच केला. दरम्यान १९९७ च्या प्रादेशिक योजनेवर काम चालत राहिले. म्हणजे हिंजवडीत आयटी येण्याच्या सुमारास काढलेल्या नकाशावर आजच्या पुण्याच्या परिघातली जमीन तोलली जाते.

एका गटात काय घडते

हे सगळे कायदे एका सातबाऱ्यावर कसे उतरतात ते पाहू. समजा, एका गटात दोन एकर जमीन आहे. मालक तीन भाऊ; वाटप तोंडी झालेले, कागदावर क्षेत्र सामाईक. रस्त्यालगतच्या भावाकडे एजंट येतो. पूर्ण एकर घेणारा विकासक या गटाला हात लावत नाही, कारण वाट अरुंद आहे आणि बहिणींच्या सह्या बाकी आहेत. मग गुंठ्याने विक्री सुरू होते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. नोकरदार कुटुंबाच्या आवाक्यातला एवढाच तुकडा. तुकडेबंदीमुळे त्याचा स्वतंत्र दस्त होत नाही. तेव्हा काही जण नोटरी केलेल्या साठेखतावर आणि कुलमुखत्यारपत्रावर भागवतात. काही ठिकाणी दहा-बारा जण मिळून प्रमाणभूत क्षेत्राएवढा तुकडा एकाच दस्ताने घेतात. सातबाऱ्यावर नावांची रांग लागते, पण कोणाचा कोपरा कुठला हे कागद सांगत नाही. रस्ता ठेवला जातो दहा-बारा फुटांचा. ओढ्याच्या काठची पोटखराब्याची पट्टीही विकली जाते. घर उठते, वीज मिळते, टँकर येतो. मलनिस्सारण येत नाही.

अशा वस्त्यांसाठी २००१ मध्ये गुंठेवारी विकास अधिनियम आला. २०२१ च्या दुरुस्तीने नियमितीकरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. तुकड्यांच्या व्यवहारांबाबतही शासनाची पावले सैलावत गेली. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून व्यवहार नियमित करण्याची सोय झाली, पुढे ही रक्कम ५ टक्क्यांवर आणली गेली आणि २०२५ मध्ये नागरी व नियोजन क्षेत्रांतले जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचा निर्णय झाला. अधेमधे उलट पाऊलही पडले. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवाय अशा दस्तांची नोंदणी थांबवली. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

यावर दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. नियमितीकरणाच्या बाजूचे म्हणतात की लाखो कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घातली आहे. त्यांना कर्ज, वारस नोंद आणि पाण्याचे कनेक्शन मिळायलाच हवे. विरोधी बाजू म्हणते की दर काही वर्षांनी मुदत वाढते हे बाजाराला पाठ झाले आहे. आजचा बेकायदा गुंठा उद्या कायदेशीर होणार या भरवशावरच त्याचा भाव ठरतो.

चार भूमिका

पहिली भूमिका मालकी हक्काची. १९७०-७१ मध्ये राज्यातले सरासरी वहिवाट क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या रानात, बेभरवशाच्या बाजारभावात, ज्याला पोरांचे शिक्षण आणि दवाखाना निभवायचा आहे त्याने शहराच्या भाजीसाठी जमीन राखावी, असे सांगण्याचा अधिकार कोणाला? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने जमिनीवरच्या निर्बंधांना शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यावरचे बंधन मानले. अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन हे कायदे रद्द करण्याची मागणी लावून धरली आहे. या विचारानुसार ग्रीन झोन म्हणजे मोबदला न देता केलेले अर्धे संपादन.

दुसरी भूमिका जमीन राखण्याची. तिचे म्हणणे असे की कालव्याचे पाणी सार्वजनिक पैशाने आले, मग त्यातून घडलेल्या बागायतीवर केवळ सातबाऱ्यावरच्या नावाचा अधिकार कसा? शिवाय शेत पावसाचे पाणी मुरवते, ओढ्याला पसरायला जागा देते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसे गेली, तेव्हा ओढ्या-नाल्यांवरच्या आणि त्यांच्या काठच्या बांधकामांचा प्रश्न ऐरणीवर आला. याच विचारातून १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ते कायम केले. मात्र तिथल्या मालकांना देऊ केलेला ८ टक्के टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) त्यांनी तुटपुंजा मानला. राखायचे ठरवले तर राखणाऱ्याला काय द्यायचे, या प्रश्नावर ही भूमिका अडखळते.

तिसरी भूमिका वाट्याची. शहर होणारच असेल तर वाढलेल्या किमतीत मूळ मालकाला टिकाऊ हिस्सा द्यावा, असे ती मानते. याचे मूळ नवी मुंबईत आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. पुण्यात याचे खासगी रूप हडपसरच्या मगरपट्ट्यात दिसते. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४००हून अधिक एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात समभाग घेतले. विक्रीच्या रकमेबरोबर आयटी इमारतींच्या भाड्याचा वाटाही मिळत राहिला. नांदेड सिटीत त्याच धर्तीवर काम झाले. सरकारी रूप म्हणजे नगररचना योजना. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या कायद्यातून आलेली ही पद्धत अहमदाबादने टिकवली आणि तिच्या आधारे ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंगरोड उभारला. महाराष्ट्रात ती दीर्घकाळ मागे पडली. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण इथे ती पुन्हा हाती घेतली. तिथे मालकाला मूळ क्षेत्राच्या निम्मा अंतिम भूखंड मिळतो, उरलेल्यातून रस्ते, मोकळ्या जागा आणि योजनेचा खर्च निघतो.

चौथी भूमिका विचारते की वाटा कोणाला? साई बालकृष्णन यांनी ‘शेअरहोल्डर सिटीज’ (२०१९) या पुस्तकात मुंबई-पुणे पट्ट्यातल्या अशा प्रकल्पांचा अभ्यास केला. सहकारी साखर कारखानदारीत ज्यांची जमीन, जात आणि संघटन बळकट झाले, तेच जमिनीच्या कंपन्यांतही भागधारक होऊ शकले, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. कोरडवाहू डोंगरउतारावरचा आदिवासी वा दलित मालक बहुधा लवकर आणि स्वस्तात विकून मोकळा होतो. शेतमजूर तर सातबाऱ्यावर कधीच नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीवर पोट असणाऱ्या भूमिहीनाला निदान बाधित कुटुंब म्हणून ओळख दिली. खासगी खरेदीत तीही बहुधा नाही. बायकांचे स्थान दुधारी आहे. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुलीचा हक्क पक्का केला. विक्रीच्या आधी बहिणीची सही अनिवार्य झाली, आणि त्याच कारणाने हक्कसोडपत्रासाठी माहेरचा दबावही वाढला.

या चारही भूमिका एकमेकींना पूर्ण छेद देत नाहीत. पहिली आणि तिसरी मालकाला मानतात, दुसरी आणि चौथी मालकापलीकडे पाहतात. पहिलीला सरकारचा हात नको आहे. तिसरीला तो नियमांपुरता हवा आहे.

पाण्याचा हिशेब

जमिनीच्या वादात पाणी मागून येते, पण निर्णायक ठरते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा होतो. पुणे महापालिकेचा मंजूर कोटा दीर्घकाळ ११.५ टीएमसी राहिला आणि प्रत्यक्ष उचल त्याहून पुष्कळ अधिक होत गेली. जो जास्तीचा थेंब शहराने घेतला तो दौंड-इंदापूरच्या आवर्तनातून कमी झाला. भरपाई म्हणून मुंढव्याच्या जॅकवेलमधून सांडपाणी उचलून बेबी कालव्यात सोडण्याची योजना झाली. पाण्याची मात्रा आणि त्याहून अधिक त्याची प्रत, यांबाबत खालच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत.

याचा अर्थ असा की शहराच्या वाढीने शेती फक्त हद्दीत कमी होत नाही. वाघोलीत एक वसाहत उठली की साठ-सत्तर किलोमीटर खालच्या उसावरही तिचा परिणाम होऊ शकतो, आणि त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यात मात्र कसलाच फेरफार होत नाही. झोन बदलताना जलसंपदा विभागाचा हिशेब नगररचनेच्या नकाशाला बांधणारी पक्की तरतूद नाही. हे दोन विभाग आपापल्या कागदावर काम करतात.

विक्रीनंतर

पैसा कुठे जातो, हेही या विषयाचे अंग आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरते आणि विक्रीवर कर लागतो. दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते. त्यामुळे हवेलीत विकणारा शेतकरी शिरूर, दौंड, पुरंदरकडे जमीन शोधतो आणि तिथला भाव चढतो. तिथल्या लहान शेतकऱ्याला बांधालगतची एक-दोन एकर जमीन घेऊन शेत वाढवणे मग परवडत नाही. ‘गुंठामंत्री’ म्हणून थट्टा होते ती काहींच्या गाडी-सोन्याची. पण विक्रीची रक्कम नंतर कशात गुंतली आणि दहा वर्षांनी कुटुंबाकडे काय उरले, हे नीट पाहणारे काम फार तुरळक आहे. मायकेल लेव्हियन यांनी राजस्थानातल्या एका विशेष आर्थिक क्षेत्राशेजारच्या (सेझ) गावात हा माग घेतला आणि लाभ फार विषम वाटला गेल्याचे दाखवले. पुण्याभोवती तसे गाव-गाव अभ्यास व्हायला हवेत.

काय ठरले, काय उरले

एवढ्या वादातही काही मुद्द्यांवर मतैक्य झालेले दिसते. आधी विक्री, मग घर, मग रस्ता आणि सर्वांत शेवटी आराखडा, हा क्रम सर्वांत वाईट, हे मालक, नियोजनकार आणि पर्यावरणवादी तिघेही मान्य करतात. जबरदस्तीच्या संपादनाला कोणाचाच मनापासून पाठिंबा उरलेला नाही; पुरंदर विमानतळासाठी २०२५ मध्ये अंजीर-सीताफळाच्या गावांत ड्रोन सर्वेक्षणाला झालेला विरोध त्याचीच साक्ष देतो. जमीन एकत्र करून भूखंड परत देण्याची पद्धत तत्त्वतः बहुतेकांना मान्य आहे.

न सुटलेले प्रश्न मात्र जड आहेत. जमीन राखणाऱ्याला मोबदला कोणत्या पैशातून द्यायचा? विकास हक्काचे हस्तांतर शेती विभागालाही द्यायचे का, आणि दिले तर ते हक्क रिचवणाऱ्या भागांतल्या रस्त्यांवर, पाण्यावर किती ताण येईल? नगररचना योजनेत दोन गुंठेवाला आणि वीस एकरवाला यांना एकच टक्का लावणे न्याय्य आहे का? हिस्से, वारस आणि मोजणी यांचे तंटे वर्षानुवर्षे चालत असताना योजना वेळेत पुऱ्या कशा व्हायच्या? सातबाऱ्यावरचा पीकपेरा आणि जमिनीवरचे प्लॉटिंग यांतली तफावत कोणी मोजायची? महसूल, नोंदणी, नगररचना, जलसंपदा आणि महापालिका यांच्याकडे या बदलाचा एकेक तुकडा आहे. वर्षाला किती बागायत गेली आणि तिच्या जागी नेमके काय उभे राहिले, याची एकत्र वही कोणाकडेच नाही.

पीएमआरडीएचा आराखडा रद्द झाल्याने नवी आखणी अपरिहार्य आहे. वापर कोणी ठरवायचा आणि वाढीव किमतीचे काय करायचे, या पहिल्या दोन प्रश्नांवर अनुभव आणि साधने बऱ्यापैकी जमली आहेत. तिसऱ्यावर, म्हणजे माती, पाणी आणि सातबाऱ्याबाहेरच्या माणसांवर, अजून कोणताच विभाग उत्तरदायी नाही. नव्या आराखड्यात झोन बदलणाऱ्या प्रत्येक पट्ट्यासमोर पाण्याचा स्रोत, परताव्याचे प्रमाण आणि बाधित मजूर कुटुंबांची नोंद हे तीन रकाने भरले गेले, तर चर्चा निदान आकड्यांवर होऊ शकेल. ते कोरे राहिले, तर पुढची गावे हद्दीत येतील तेव्हाही वाद याच जागी उभा असेल.